पार्श्वभूमी : वारंवार गर्भपातानंतरच्या रक्ततपासण्या आणि बारा आठवड्यांचा वाद

केसपेपरवर ‘बीओएच’ (बॅड ऑब्स्टेट्रिक हिस्टरी, म्हणजे आधीच्या गरोदरपणांत काही बिघडलेले) लिहिले की पूर्वी ठाण्यात काय नि वाशी-नेरूळला काय, पहिली चिठ्ठी ‘टॉर्च’ची, म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे संसर्गांच्या तपासणीची असायची. वारंवार गर्भपाताचे कारण शोधायला ती फारशी उपयोगाची नाही, तरी वर्षानुवर्षे चालली. पुढे रक्त गोठण्याच्या तपासण्यांचे पॅनल आले आणि त्याची यादी लांबतच गेली.

त्या यादीत खरा आधार आहे तो अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीजना, म्हणजे एपीएलएला. शरीर स्वतःच्याच घटकांविरुद्ध त्या तयार करते. १९८०च्या दशकात रक्ताच्या गुठळ्या, गर्भपात आणि या अँटिबॉडीज यांचा संबंध मांडला गेला; या आजाराला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, एपीएस म्हणतात. १९९७च्या एका ब्रिटिश चाचणीत नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के, तर हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची जोड दिल्यावर ७१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. नंतरच्या काही चाचण्यांत एवढा फरक दिसला नाही, पण उपचार रूढ झाला तो झालाच.

वाद आहे तो दुसऱ्या नमुन्याचा. साध्या तापानंतर, संसर्गानंतरही या अँटिबॉडीज काही काळ वाढतात आणि आपोआप उतरतात. म्हणून एपीएसच्या १९९९च्या निकषांत तपासणी किमान सहा आठवड्यांनी पुन्हा करायची होती; २००६मध्ये हे अंतर बारा आठवडे झाले. कागदावर हे बिनचूक आहे. पण पस्तिशीतल्या, दोनतीनदा पोळलेल्या बाईला तीन महिने थांबा म्हणणे सोपे नाही. मग एकाच रिपोर्टवर अ‍ॅस्पिरिन सुरू होते, दिवस राहिले की पोटात हेपरिनची इंजेक्शने. त्यानंतर नमुना दिलाच, तर हेपरिनमुळे याच अँटिबॉडीजपैकी एक असलेल्या ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटचा निकाल गोंधळतो. शिवाय निकषांत अँटिबॉडीजची पातळी ४० युनिटच्या वर लागते; रिपोर्टवर मात्र २०-२२चा आकडाही ठळक छापून येतो आणि घरच्यांचा धीर सुटतो. दुसरा नमुना टाळण्याची सवय मला तरी समर्थनीय वाटत नाही.

पॅनलमधल्या, रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषांची गोष्ट थोडक्यात आटोपते. फॅक्टर फाइव्ह लायडन हा गुठळ्यांचा धोका वाढवणारा जनुकीय बदल १९९४मध्ये सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांत तो बराच आढळतो, आपल्याकडे कमी. एमटीएचएफआर या जनुकातला बदल इतका सर्रास आहे की तो सापडण्याला अर्थ नाही. २०१३मध्येच अमेरिकेतून ही तपासणी करू नका असे सांगितले गेले. प्रोटीन एस हे रक्त गोठणे आवरणारे प्रथिन तर गरोदरपणात आपसूकच घटते. २०२३च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत आनुवंशिक दोष असलेल्या स्त्रियांना हेपरिन दिले तेव्हा ७२ टक्के, न दिले तेव्हा ७१ टक्के जिवंत जन्म झाले. पॅनलमधून या तपासण्या अजून गेलेल्या नाहीत.

त्याच वर्षी एपीएसचे नवे निकष आले. दहा आठवड्यांच्या आतले गर्भपात तीन वा अधिक असले, तरी केवळ त्यांच्या जोरावर आता एपीएसचे वर्गीकरण होत नाही. हे निकष संशोधनासाठी आहेत, उपचार ठरवण्यासाठी नव्हेत.