टकर स्नो-कॅट आणि थायोकॉल स्प्राइट: चार ट्रॅक घ्यावेत की दोन?

जुन्या बाजारात बर्फावर चालणारी कुठलीही ट्रॅकवाली (चाकांऐवजी रणगाड्यासारखे फिरते पट्टे असलेली) गाडी ‘स्नोकॅट’ म्हणूनच विकली जाते. जाहिरातीतल्या फोटोंत नारिंगी रंग, चौकोनी केबिन आणि खाली लोखंडी पट्ट्या एवढंच दिसतं. कोलोरॅडो, युटा किंवा वॉशिंग्टनच्या डोंगरात केबिन घेतलेल्याला वाटतं, दोन्ही सारख्याच, स्वस्त पडेल ती घेऊ. प्रत्यक्षात ओरेगनमधल्या मेडफर्डची टकर स्नो-कॅट आणि युटामधल्या लोगनची थायोकॉल स्प्राइट या मुळातच वेगळ्या तऱ्हेच्या गाड्या आहेत. त्या वेगळ्या तऱ्हेने वळतात, वेगळ्या ठिकाणी झिजतात आणि मालकाचा पैसाही वेगळ्या ठिकाणी खातात. म्हणून गाडी बघायला जाताना नजर कुठे ठेवायची हे आधी ठरलेलं हवं.

ओळखायला सोपं आहे. जुन्या टकरला चार कोपऱ्यांवर चार सुटे ट्रॅक असतात आणि आत साधं स्टीअरिंग व्हील. (टकरने सुरुवातीच्या काळात पुढे स्की आणि मागे ट्रॅक अशाही गाड्या काढल्या, पण बाजारात भेटते ती बहुतेक चार ट्रॅकची.) स्प्राइटला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे इम्पला, दोन लांब ट्रॅक असतात आणि ड्रायव्हरसमोर दोन दांडे. थायोकॉल ही रसायनं आणि रॉकेट मोटर बनवणारी कंपनी होती. स्पेस शटलचे घन इंधनाचे बूस्टर तिचेच. तिचा बर्फगाड्यांचा धंदा 1978 मध्ये मोटार उद्योजक जॉन डीलोरियन यांनी विकत घेतला. मग त्याच घराण्यातल्या गाड्यांवर डीएमसी (डीलोरियन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी) आणि पुढे एलएमसी (लोगन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी) अशी नावं आली, आणि 2000 मध्ये कारखाना बंद पडला. त्यामुळे तीन वेगळी नावं दिसली तरी गाडीचं मूळ एकच असतं. टकरची कंपनी मात्र अजून मेडफर्डमध्येच चालू आहे आणि जुन्या मॉडेलच्या सुट्या भागांसाठी तिथे विचारता येतं. स्प्राइटचे भाग जुने साठे राखणाऱ्या विक्रेत्यांकडून गोळा करावे लागतात.

आता वळण्याकडे येऊ, कारण बाकी सगळं तिथून निघतं.

टकरमध्ये पुढचा आणि मागचा असे दोन्ही ॲक्सल एका गोल तबकडीवर, म्हणजे फिफ्थ व्हीलवर, बसवलेले असतात. स्टीअरिंग फिरवलं की पुढचा ॲक्सल एका बाजूला आणि मागचा उलट बाजूला वळतो. चारही ट्रॅकना इंजिनाची ताकद मिळतच राहते. वळताना कुठलाही ट्रॅक अडवला जात नाही. मागचे ट्रॅक पुढच्यांनी दाबलेल्या वाटेवरूनच येतात, आणि भुसभुशीत, मांडीएवढ्या बर्फात याचा फायदा फार मोठा असतो. प्रत्येक ट्रॅक आपापल्या पाँटूनसह, म्हणजे ज्या सांगाड्याभोवती तो फिरतो त्याच्यासह, वरखाली झुलतो, म्हणून खाचखळग्यातही चारही टेकलेले राहतात. गैरसोय एकच, पण लक्षात ठेवण्याजोगी. भिंतीला किंवा झाडाला समांतर उभी केलेली गाडी दुसऱ्या बाजूला वळवून काढायला गेलं, की मागचा पाँटून भिंतीकडे सरकतो. आधी सरळ पुढे काढायची आणि मगच स्टीअरिंग फिरवायचं.

स्प्राइटमध्ये ‘कंट्रोल्ड डिफरन्शियल’ असतं. हे ऑलिव्हर कंपनीच्या क्रॉलर ट्रॅक्टरचं: स्प्राइटला ओसी-12, इम्पला ओसी-4. डावा दांडा ओढला की आतल्या ड्रमवर पट्टा आवळला जातो, डावा ट्रॅक मंदावतो आणि ग्रहगिअरांमुळे उजवा तेवढाच जोरात फिरतो. आतला ट्रॅक पूर्ण थांबत नाही. म्हणूनच पोकलेन जागच्या जागी गिरकी घेतं तशी ही गाडी घेत नाही. ठराविक घेरापेक्षा लहान वळण तिला जमतच नाही. अरुंद वाटेवर हे विसरून चालत नाही.

दांडा अर्धवट ओढून धरला की पट्टा घसरत राहतो, तापतो आणि खलास होतो. योग्य पद्धत म्हणजे दांडा पूर्ण ओढायचा, थोडं वळवायचं, पूर्ण सोडायचा, लागलं तर पुन्हा ओढायचा. दोन्ही दांडे एकदम ओढले की तोच ब्रेक. म्हणजे पट्टे संपलेली स्प्राइट वळतही नाही आणि थांबतही नाही. उतारावर या एका कारणासाठी पट्ट्यांकडे दुर्लक्ष करू नये.

घ्यायच्या आधी काय तपासायचं? दोन्हींसाठी पहिली अट, गाडी थंड असताना बघायची. विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका, आणि पोचल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला हात लावून बघा.

स्प्राइट किंवा इम्प असेल तर चॅसीखाली भक्कम ठोकळे देऊन ट्रॅक जमिनीपासून उचला, एका ग्राउझरवर खडूने खूण करा आणि पूर्ण फेरी हाताने फिरवा. ग्राउझर म्हणजे रबरी पट्ट्यांवर आडवी बसवलेली लोखंडी पट्टी. वाकलेल्या, तुटलेल्या, वेल्ड केलेल्या किती ते मोजा. बोल्टची भोकं लांबट झाली असतील किंवा पट्ट्याच्या कडेला आतले धागे दिसत असतील, तर पट्टे बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. रबर बोटाने वाकवून बघा. भेगा आतपर्यंत जात असतील तर तो हिवाळा काढणार नाही. मग दांडे ओढा. दोन्ही सारख्याच उंचीवर पकडायला हवेत. मोकळ्या बर्फात डावीकडे एक पूर्ण वर्तुळ आणि उजवीकडे एक असं चालवा आणि दोन्हींचा व्यास टेपने मोजा. एक वर्तुळ ठळकपणे मोठं आलं तर त्या बाजूच्या ड्रमवरचा पट्टा ढिला तरी आहे किंवा झिजलेला तरी. शेवटी डिफरन्शियलचं कपभर तेल काढून त्यात चुंबक फिरवा. राखाडी मऊ लगदा चालतो. चिमटीत टोचणारे तुकडे आले तर गिअरांनी मार खाल्लेला आहे, आणि ती दुरुस्ती गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते.

टकरला इंजिनाच्याही आधी पाँटून बघा. जुन्या लोखंडी पाँटूनवर ट्रॅकची साखळी रुळांवरून फिरते. रूळ सगळीकडे सारखे झिजत नाहीत. टोकांच्या वळणावर जास्त, वरच्या सपाट भागात कमी. दोन्हीकडे व्हर्नियरने जाडी मोजून फरक पाहा. रोलर बोटाने फिरायला हवेत; जे अडकले आहेत ते फिरायच्या ऐवजी घासतात आणि रूळ कापतात. पाँटून जिथे ॲक्सलला बसतो तिथे पहार घालून वर उचला. तिथे खडखड झाली तर बुश (सांध्यातल्या नळ्या) गेलेत, आणि मग साखळी स्प्रॉकेटवर, म्हणजे तिला फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, तिरकी बसते आणि दोन्ही झिजतात. असे चार पाँटून आहेत, म्हणून कुठलाही खर्च चारने गुणायचा. त्यानंतर एकाने स्टीअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवावं आणि दुसऱ्याने फिफ्थ व्हीलकडे बघावं. तबकड्या एकमेकींवरून सरकल्या पाहिजेत, उचलल्या जाता कामा नयेत. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (इंजिनाची ताकद ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे सांधे) वळणात जास्त कोनात काम करतात, तेही हलवून बघा.

लोखंडी पाँटूनची टकर बर्फ नसलेल्या जमिनीवर चालवायची नाही, हे इतकं महत्त्वाचं आहे की विक्रेता ती डांबरावर चालवून दाखवू लागला तर त्याला थांबवा. माती आणि खडी साखळीत शिरली की ती सहाण होते. दोन ट्रॅकची रबरी पट्ट्यांची गाडी थोडं अंतर मातीवरून निभावून नेते. खडकावर तीही नाही.

डोंगरासाठी दोन्हींना लागू होणाऱ्या काही गोष्टी. समुद्रसपाटीपासून वर जाताना साध्या कार्बोरेटर इंजिनाची ताकद दर 300 मीटरला साधारण 3 टक्क्यांनी घटते, म्हणजे 3000 मीटरवर जवळजवळ तीस टक्के गेली. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) बदलले नाहीत तर मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन प्लग काळे पडतात. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं ठेवलं तर उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. टणक बर्फाच्या आडव्या उतारावर दोन्ही गाड्या घसरतात. चढ सरळ चढायचा, सरळ उतरायचा. हिमस्खलन बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतं, आणि गाडी जड आहे म्हणून तिथे कोणी सुरक्षित नसतं. जुन्या केबिनच्या फरशीला भोकं असतात आणि एक्झॉस्ट खालीच असतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आत हवाच.

गाडी बर्फात किती रुतेल याचा अंदाज स्वतः काढता येतो. समजा, सामानासकट 2000 किलो वजन आहे आणि प्रत्येक ट्रॅक 75 सेंटिमीटर रुंद व 2.5 मीटर लांबीने टेकतो. दोन ट्रॅकचं क्षेत्रफळ 3.75 चौरस मीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 53 ग्रॅम भार. 70 किलोचा माणूस बुटांवर उभा राहिला तर याच्या तिप्पट भार देतो. टपावर सामान वाढवलं की हा आकडा तर चढतोच, शिवाय गाडी डोकंजड होते.

नेहमीच्या देखभालीत स्प्राइटच्या ट्रॅकचा ताण आणि ग्राउझरचे बोल्ट सगळ्यात आधी येतात. ट्रॅक ढिला असेल तर वळताना उतरतो. फार ताठ असेल तर चाकांची बेअरिंग खातो. नवे ग्राउझर बसवल्यावर पहिल्या काही तासांनी सगळे नट पुन्हा आवळा, आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा) एकदा काढला की दुसऱ्यांदा वापरू नका. दोन्ही गाड्यांचे नटबोल्ट इंची मापाचे आहेत, मिलिमीटरचे पाने घेऊन गेलात तर डोकी गोल होतील. टकरला ग्रीस गन जास्त चालवावी लागते: फिफ्थ व्हील, स्टीअरिंगचे सांधे, पाँटूनचे बुश, आणि रोलरना तेल.

रात्री गाडी ओल्या बर्फात उभी राहिली तर ट्रॅक जमिनीला गोठतात. सकाळी क्लच सोडून जोरात ओढलं की पट्टा फाटतो किंवा शाफ्ट तुटतो. लाकडी फळ्यांवर उभी करा, आणि त्याआधी पुढे-मागे करून ट्रॅकमधला बर्फ झाडून टाका.

केबिनपर्यंतची वाट रुंद, लांब आणि खोल भुसभुशीत बर्फाची असेल आणि ग्रीस गनचा कंटाळा नसेल, तर टकर घ्यावी. वाट झाडीतून जाणारी, आखूड, मधेमधे माती उघडी पडणारी असेल तर इम्प पुरते. माणसं आणि सामान जास्त असेल तर स्प्राइट. अमेरिकेत परवान्याशिवाय ट्रेलरवरून नेता येणारी रुंदी बहुतेक रस्त्यांवर 8 फूट 6 इंच आहे. रुंद ट्रॅकची स्प्राइट त्याच्या बाहेर जाऊ शकते, म्हणून पैसे देण्यापूर्वी ट्रॅकच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा.

उन्हाळ्यात गाडी उन्हापासून आडोशाला, ठोकळ्यांवर, रबरी पट्ट्यांचा ताण सैल करून ठेवा. पेट्रोल टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये ठेवू नका. एअर क्लीनरचं तोंड जाळीने बांधा. उंदीर तिथे घर करतात आणि पहिल्या बर्फाला इंजिन सुरू करताना तो कचरा थेट आत ओढला जातो.