फौजदारी आरोप आणि बचावाचा वकील (सोलापूर जिल्हा)

फौजदारी प्रकरणात आरोपीची बाजू मांडणाऱ्या वकिलाला बचावाचा वकील म्हणतात. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या व कलमांचे आकडे बदलले. फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये सापडते.

गुन्हा कुठे दाखल आहे, हे आधी पाहावे लागते. सोलापूर शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे, बाकी जिल्हा सोलापूर ग्रामीण पोलिसांकडे येतो. बार्शी, पंढरपूर, माळशिरस येथे स्वतंत्र न्यायालये आहेत. तिथल्या गुन्ह्यासाठी तिथे रोज काम चालवणारा वकील बरा पडतो.

अटकेनंतर, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. सगळ्यात मोलाचे हेच तास घरची माणसे 'साहेबांशी बोलतो' म्हणणाऱ्याच्या मागे घालवतात, आणि पुढचे बरेच नुकसान तिथेच होते. रिमांडला, म्हणजे कोठडी मागण्यासाठी आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर आणतात तेव्हा, वकील उभा असला तर तो विचारतो: पोलीस कोठडी नेमकी कशासाठी हवी? जप्त काय करायचे राहिले आहे? आरोपीला मारहाण झाली आहे का? अटकेची कारणे लेखी दिली का? या शेवटच्या प्रश्नाला सोलापुरात फार वजन आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवून दिले की ही कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत, लेखी, आणि उशिरात उशिरा रिमांडच्या दोन तास आधी मिळाली पाहिजेत. शहराच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या यंत्रमाग कामगाराच्या किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड भाषक शेतमजुराच्या हातात नुसता मराठी कागद ठेवून ही अट पुरी होत नाही. त्याला मराठी वाचता येत नसेल तर घरच्यांनी ते वकिलाला लगेच सांगावे.

'पोलिसांपुढे कबूल केलं, आता काय उरलं?' असे घाबरून विचारणारे पुष्कळ असतात. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. मात्र कोठडीत सांगितलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर त्या वस्तूच्या शोधाशी थेट जोडलेले तेवढे बोलणे न्यायालयात चालते. म्हणूनच निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीने दिलेली अशी माहिती पंचांसमोर (साक्षीदारांसमोर) लिहून घेतलेला कागद, हा बचावाच्या दृष्टीने कळीचा असतो. पंच कोण होते, वस्तू उघड्यावर होती का, पोलिसांना ती आधीच ठाऊक होती का, यावर उलटतपास रंगतो. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नये.

वकिलाला सगळे खरे सांगावे, अडचणीचे तर आधी. झालेल्या गोष्टीबद्दल पक्षकार जे सांगतो ते त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास वकिलाला कायद्याने मनाई आहे. पुढे करायच्या बेकायदा कृत्यासाठी घेतलेल्या सल्ल्याला हे संरक्षण नाही. लपवलेला फोन कॉल सरकारी वकिलाच्या तोंडून पहिल्यांदा कळला, तर चांगला वकीलही हतबल होतो.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो. आदेश झाला म्हणजे माणूस लगेच घरी येत नाही. जामीनदार लागतो आणि त्याच्याकडे सात-बारा, घरपट्टीची पावती किंवा पतदाखला (ऐपतीचा दाखला) मागितला जातो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विडी कामगार बाईला असा जामीनदार कुठून मिळणार? अशा वेळी जातमुचलक्यावर (जामीनदाराविना, स्वतःच्या लेखी हमीवर) सोडण्याची किंवा रक्कम कमी करण्याची विनंती वकिलाने त्याच दिवशी करायला हवी.

दोषारोपपत्र (तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात देतात ते आरोपांचे कागद) ६० दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आले नाही, तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. तो मागावा लागतो. अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झाले की हक्क गेला, म्हणून वकिलाने तारीख मोजत राहायचे असते.

फिर्यादीशी समेट झाला की खटला आपोआप मिटतो, ही समजूत चुकीची आहे. तडजोडपात्र, म्हणजे कायद्याने समेटाला मुभा दिलेले, गुन्हे मिटतात, त्यांतील काहींना न्यायालयाची परवानगी लागते. बाकीच्यांसाठी उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याची याचिका करावी लागते.

निकालावर अवलंबून फी ठरवणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांत बसत नाही. 'जामिनाची गॅरंटी' देणाऱ्यापासून लांब राहावे. कोठडीतील कोणालाही, तसेच स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, असे मानून गरीब घरे दागिने मोडतात, याचे वाईट वाटते.

सत्र न्यायालयाने अटकपूर्व किंवा नियमित जामीन नाकारला, तर पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाले असून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे तिथे चालतात.