सीझरचा जन्म ‘सिझेरियन’नं झाला नव्हता

ज्युलियस सीझर आईचं पोट चिरून जन्मला, म्हणून ‘सिझेरियन’ हा शब्द आला, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते काही पटत नाही. त्या काळच्या रोममध्ये पोट चिरत ते बाई मेली किंवा मरणपंथाला लागली तरच. सीझरची आई ऑरेलिया मात्र इ.स.पू. 54पर्यंत हयात होती. तेव्हा लेक चाळिशी ओलांडून गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) लढत होता. इ.स.पू. 62मध्ये सीझरच्या घरी बायकांच्या पूजेत क्लोडियस हा रोमन राजकारणी बाईच्या वेषात घुसला, तेव्हा त्याला हुडकून काढणाऱ्या याच ऑरेलियाबाई! शिवाय ‘सीझर’ हे घराण्याचं नाव, वडिलांचंही तेच. प्लिनी या रोमन लेखकानं पोट चिरल्याची कथा सांगितली ती पहिल्यांदा हे नाव लावणाऱ्या कुणा पूर्वजाची.