बँकेचं दूध अन् आईचं दूध: दोन्ही बाईचंच, पण एकसारखं नाही

ताईचं बाळ 30व्या आठवड्यातच झालं, नागपुरात धंतोलीतल्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) ठेवलं होतं, अन् तिला लगेच दूध आलं नाही म्हणून डॉक्टरांनी मिल्क बँकेचं दूध सुरू केलं. आजी म्हणे, "मंग आता कायले पंप करून राहिली वं, आराम कर न, तेही बाईचंच दूध होय." इथेच लोकांचा घोळ होते.

बँकेचं दूध म्हणजे दुसऱ्या आईनं दान केलेलं, तपासून, 62.5 डिग्रीवर 30 मिनिटं तापवलेलं. त्यानं जंतू मरतात, ते पाहिजेच, पण सोबत दुधातल्या जिवंत पेशीही मरतात, रोगाशी लढणारे आयजीए अन् लॅक्टोफेरिन कमी होतात, चरबी पचवणारं लायपेज तर जातंच. वरून दान करणाऱ्या बहुतेक आयांची बाळं पूर्ण दिवसांची, अन् कमी दिवसांत बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीचे काही आठवडे प्रोटीन जास्त असते. म्हणजे ताईचं दूध तिच्याच बाळाच्या मापाचं होतं.

मग बँकेचं द्यायचंच कशाला? एनईसी हा आतड्याचा आजार टाळण्यासाठी. ह्यात कच्च्या आतड्याला सूज येते, तो भाग सडतो, कधी भोक पडते, अन् बाळ जाऊही शकते. पावडरच्या दुधावर हा धोका बँकेच्या दुधापेक्षा जवळपास दुप्पट. म्हणून आधी आईचं, ते नसेल किंवा कमी पडलं तर बँकेचं. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात 1989 पासून अशी बँक आहे. शेजारणीनं वाटीत काढून दिलेलं दूध मात्र ह्यात धरू नका, ते ना तपासलेलं ना तापवलेलं.

पहिल्यांदा ताईला जेमतेम 2 एमएल निघालं, पिवळा घट्ट चीक, ती रडायलाच लागली. सिस्टरनं तो सिरिंजमध्ये ओढला, थेंब थेंब बाळाच्या गालाच्या आत लावला अन् म्हणाली, हे वाया नाही हो जात. मग दिवसरात्र मिळून 8 वेळा पंप, रात्री 3 चाही अलार्म. ताईला सुट्टी झाल्यावर मे महिन्याच्या उन्हात भाऊजी मनीषनगरहून बर्फाच्या डब्यात बाटल्या घेऊन यायचे.

दूध कोणतंही असो, पोट फुगून टणक झालं, हिरवी उलटी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर तेव्हाच सिस्टरला सांगा, एनईसी आईच्या दुधावरही होऊ शकते.

नवव्या दिवशी फाइलवर बँकेच्या दुधापुढे शून्य लिहिलं होतं, आजीनं ते दोनदा वाचून घेतलं.