सिनेटमधील साठ मतांची अट: पार्श्वभूमी

अमेरिकी संसदेच्या शंभर सदस्यांच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, बहुतेक वादग्रस्त विधेयके आज ६० मतांशिवाय पुढे सरकत नाहीत, मात्र ही अट राज्यघटनेत कुठेही नाही. १८०६ मध्ये नियमावली आटोपशीर करताना चर्चा थांबवून मतदान घेण्याची तरतूद वगळली गेली आणि त्या पोकळीत फिलिबस्टर, म्हणजे भाषणे लांबवून मतदान रोखण्याची प्रथा, हळूहळू रुजली. चर्चासमाप्तीचा नियम १९१७ मध्ये झाला. त्यासाठी उपस्थित व मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागत असे.

या हत्याराचा सर्वाधिक गाजलेला वापर नागरी हक्कांच्या कायद्यांविरुद्ध झाला. १९५७ मध्ये दक्षिणेतील एक सदस्य २४ तास १८ मिनिटे बोलत उभे राहिले. १९६४ ची कोंडी १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी फुटली. त्या मतदानासाठी मेंदूतील गाठीमुळे वाचा गेलेल्या कॅलिफोर्नियाच्या एका सदस्याला चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणले होते. नाव पुकारल्यावर त्यांनी बोट आपल्या डोळ्याकडे नेले. इंग्रजीत 'डोळा' आणि मतदानातील 'होय' यांचा उच्चार एकच असल्याने ते मत नोंदवले गेले. बाजूच्या मतांपैकी ४४ डेमोक्रॅटिक आणि २७ रिपब्लिकन सदस्यांची होती. दुफळी होती, पण ती पक्षांपेक्षा प्रदेशांमधली होती, आणि अडवणूक करणाऱ्याला तासन् तास उभे राहण्याची किंमत मोजावी लागत होती.

ही किंमत १९७० च्या दशकात संपली. अडलेले विधेयक बाजूला ठेवून दुसरे कामकाज चालू ठेवण्याची पद्धत आली, १९७५ मध्ये अट तीन पंचमांशांवर, म्हणजे ६० मतांवर आली, आणि भाषण न करताही नुसत्या इशाऱ्यावर विधेयक अडवता येऊ लागले. सुधारणा सद्हेतूनेच झाली होती. तरीही आजच्या कोंडीचे मूळ मला १८०६ पेक्षा इथेच अधिक दिसते.

सर्वांत वादग्रस्त ठरला तो २१ नोव्हेंबर २०१३ चा निर्णय. वॉशिंग्टनच्या संघराज्य अपील न्यायालयातील तीन रिक्त जागांवरील, सिनेटची मंजुरी लागणाऱ्या नेमणुका अल्पमतातील रिपब्लिकन पक्षाने रोखल्या होत्या. त्या न्यायालयाकडे पुरेसे काम नसल्याने जागा भरण्याची गरजच नाही, असे कारण दिले जात होते. नियमाचा मजकूर बदलायचा तर त्यावरील चर्चा संपवायलाच दोन तृतीयांश मते हवीत. म्हणून बहुमताच्या नेत्यांनी हरकतीचा मुद्दा मांडला, की सर्वोच्च न्यायालय वगळता अन्य नेमणुकांवरील चर्चा साध्या बहुमताने संपवता येते. पीठासीन अधिकाऱ्यांनी लिखित नियमाप्रमाणे तो फेटाळला. त्या निवाड्याविरुद्ध लगेच अपील झाले आणि ५२ विरुद्ध ४८ मतांनी निवाडा उलटवला गेला. सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचे तीन सदस्य या निर्णयाच्या विरोधात गेले. नियमातला एक शब्दही न बदलता त्याचा अर्थ बदलला होता.

या मार्गाच्या नावातही राजकारण आहे. विरोधक त्याला 'अण्वस्त्र पर्याय' म्हणत, समर्थक 'घटनात्मक पर्याय'. २००५ मध्ये रिपब्लिकन नेतृत्वाने तो वापरण्याची तयारी केली, तेव्हा डेमोक्रॅटिक सदस्यांना त्यात सिनेटचा अंत दिसत होता; दोन्ही पक्षांच्या प्रत्येकी सात सदस्यांनी तडजोड करून तो प्रसंग टाळला. आठ वर्षांनी भूमिकांची अदलाबदल झाली, पण तडजोड करणारे चौदा जण या वेळी पुढे आले नाहीत. रोखलेल्या नेमणुकांबाबतची तक्रार रास्त होती, पण साध्या बहुमताने नियमाचा अर्थ फिरवता येतो हा पायंडा एकदा पडल्यावर तो कुणा एका पक्षापुरता राहणार नव्हता.

पुढील घटनाक्रम वेगाने घडला. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींचे निधन झाले आणि निवडणुकीचे वर्ष असल्याचे कारण देऊन, आता बहुमतात आलेल्या रिपब्लिकन पक्षाने डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षांच्या उमेदवाराची साधी सुनावणीही घेतली नाही. लोकशाहीच्या दृष्टीने २०१३ च्या मतदानापेक्षा हे अधिक गंभीर होते, कारण इथे बाजूने वा विरोधात मत देण्याची जबाबदारीच टाळली गेली. ६ एप्रिल २०१७ रोजी त्याच पक्षाने साध्या बहुमताचा अर्थ सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुकांनाही लागू केला. २०२० मध्ये मात्र निवडणुकीला आठ दिवस उरले असताना त्याच पक्षाच्या बहुमताने नवी न्यायमूर्ती ५२ विरुद्ध ४८ मतांनी नेमली गेली. २०१६ चे कारण तेव्हा आड आले नाही.

विधेयकांसाठी ६० ची अट कायम राहिली. ६ जानेवारीच्या कॅपिटॉल हल्ल्याची स्वतंत्र आयोगाकडून चौकशी करण्याचे विधेयक २८ मे २०२१ रोजी ५४ विरुद्ध ३५ मते मिळूनही अडले. मतदान हक्कांच्या विधेयकापुरता अपवाद करण्याचा प्रयत्न जानेवारी २०२२ मध्ये ४८ विरुद्ध ५२ मतांनी फसला, तोही सत्ताधारी पक्षाच्याच दोन सदस्यांनी साथ न दिल्याने.