जोर दुप्पट, हवा तेवढीच

‘दहा सेकंद श्वास रोखता आला की फुप्फुसं ठणठणीत’ हा कोरोनाकाळातला निरोप इंदूरच्या मराठी घरांतले व्हॉट्सअ‍ॅप गट अजून विसरलेले नाहीत. श्वास रोखणं बरंचसं सवयीचं काम. दम्यात घोटाळा असतो तो हवा बाहेर सोडण्यात, आणि तो सापडतो स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकून हवा मोजायच्या तपासणीत. तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र ही तपासणी नव्हे, व्यायाम आहे. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं.

नाकाला चिमटा, नळीभोवती ओठ घट्ट, छातीभर श्वास आणि लगेच झटक्यात फुंक. तंत्रज्ञ ओरडत राहतो, ‘छोड़ो, छोड़ो, और छोड़ो!’ आलेख सपाट होईपर्यंत थांबायचं नाही. एकूण हवा ३.५ लिटर आणि पहिल्या सेकंदात २.१ लिटर, तर गुणोत्तर ०.६०. ते ०.७० च्या खाली, म्हणजे श्वासनळ्यांची वाट अरुंद.

झटका हवा तो सुरुवातीलाच. पुढे कितीही जोर लावा, वेग वाढत नाही. समजा छातीनं बाहेरून ३० चा दाब दिला आणि फुप्फुसाच्या रबरी ताणानं त्यात १० ची भर घातली. वायुकोशात, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक फुग्यांत, ४०, तोंडाशी शून्य. वाटेत दाब उतरत उतरत ३० वर येतो, तिथे श्वासनळीच्या आत-बाहेर दाब सारखा. त्याच्या पुढे श्वासनळी बाहेरून चेपली जाते. आता जोर दुप्पट करा: बाहेर ६०, वायुकोशात ७०. त्या जागेपर्यंतचा उतार पुन्हा १०च! हवेला ढकलणारा खरा धनी तो रबरी ताण. विडी-सिगारेटनं वायुकोशांच्या भिंती फाटल्या की तो ताणच ढिला पडतो, आणि जोर लावून काही होत नाही.

फुंक बिघडते ती बिचकत सुरू केल्यानं, पहिल्या सेकंदात खोकला आल्यानं, जीभ नळीत आल्यानं. तीन फुंका नीट हव्यात, त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन फुंकांत १५० मिलिलिटरहून जास्त फरक नको. पोटभर पोहे-जलेबी खाऊन लगेच जाऊ नका. भरलं पोट छाती-पोटामधल्या पडद्याला खाली सरकू देत नाही. यंत्रही रोज ३ लिटरच्या सिरिंजनं तपासायचं असतं, आकडा २.९१ ते ३.०९ मध्ये यायला हवा. खुशाल विचारा.

मग श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे चार पफ, आणि १५ मिनिटांनी सगळं पुन्हा, औषधाआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करायला. घरून पंप मारून आलात तर ही तुलनाच फसते. डॉक्टरांना विचारून तो चार ते सहा तास आधी थांबवायचा.