विक्रोळीची मतपेटी, पवईचं यंत्र: भारतीय मतदानाच्या डिझाइनची पार्श्वभूमी

१९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशात १७ कोटींहून जास्त मतदार होते आणि साक्षरता होती जेमतेम १८ टक्के. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं छापली असती तरी बहुतेकांना ती वाचता आली नसती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढचा पेच कायद्याचा होता तितकाच डिझाइनचाही होता. ज्याला अक्षरओळख नाही त्याने आपला माणूस निवडायचा कसा, आणि तोही कुणाला न विचारता, न सांगता?

त्यावर तोडगा निघाला तो असा: प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवायची आणि तिच्यावर त्याचं चिन्ह लावायचं. बैलजोडी, झोपडी, दिवा, हत्ती. मतदाराने आडोशाला जाऊन आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद सोडायचा. त्यावर काही लिहायचं नाही, खूण करायची नाही. एक रुपयाच्या नोटेएवढे हे कागद नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले गेले.

कल्पना साधी होती, पण तिच्यासाठी पेट्या लागणार होत्या लाखोंनी. या निवडणुकीच्या पेट्यांना सुमारे ८,२०० टन पोलाद लागलं. त्यातल्या १२ लाख ८३ हजार पेट्या एकट्या गोदरेजने विक्रोळीच्या कारखान्यात बनवल्या. एका पेटीला साधारण पाच रुपये, एवढ्यातच सगळं बसवायचं होतं. बाहेरून कुलूप लावायचं म्हटलं की हिशेब कोलमडायचा. तेव्हा कारखान्यातले कारागीर नाथालाल पांचाळ यांनी कुलूप पेटीच्या आतच बसवण्याची युक्ती सुचवली. खर्च आटोक्यात आला आणि बाहेर तोडायला, छेडायला काही उरलं नाही. डिझाइन म्हणजे शेवटी चढवायचा रंग, असं आपल्याकडे अजूनही समजतात. इथे मात्र पाच रुपयांची अट, पत्र्याची घडण आणि मताची सुरक्षितता हे तिन्ही प्रश्न एकाच जागी सुटले, आणि एवढं मोठं काम कारखान्याला परवडलं तेही त्यामुळेच. व्यवसायात चांगल्या डिझाइनचं मोल काय, हे समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

या पद्धतीत एक कच्चा दुवा मात्र होता. कागद कोरा असल्याने तो पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणता येई आणि विकता येई. शिवाय जितके उमेदवार तितक्या पेट्या. म्हणून १९६२ च्या निवडणुकीपर्यंत पद्धत बदलली. सगळी नावं आणि चिन्हं एकाच मतपत्रिकेवर आली, मतदाराने शिक्का मारायचा आणि एकाच पेटीत टाकायचं. या शिक्क्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, पण तो फार विचाराने केलेला आहे. फुलीच्या चारही टोकांना एकाच दिशेने फिरणारे बाण आहेत. घडी घालताना ओली शाई समोरच्या नावावर उमटली तर तिथले बाण उलटे दिसतात आणि खरा शिक्का कोणता ते मोजणाऱ्याला कळतं.

दरम्यान देशात डिझाइनचं रीतसर शिक्षण सुरू झालं होतं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला अहवाल दिला, त्यातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९६९ साली पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघालं. त्याच्या उभारणीत जे. जे. मध्ये शिकून पुढे जर्मनीत उल्मच्या डिझाइन शाळेत गेलेले सुधाकर नाडकर्णी होते.

मतदान यंत्र सरकारी कंपन्यांच्या प्रयोगशाळांत जन्मलं. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने १९७९ साली नमुना बनवला. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये या कामाची धुरा एस. रंगराजन यांच्याकडे होती. तमिळ वाचक त्यांना लेखक सुजाता म्हणून ओळखतात. १९८२ साली केरळात परवूरच्या ५० केंद्रांवर यंत्र वापरलं गेलं, पण कायद्यात तरतूद नसल्याने १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवलं. कायदा बदलायला १९८८ चा डिसेंबर उजाडला.

यंत्राला आजचं रूप देण्यात पवईच्या केंद्रातले ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा वाटा आहे. बॅलट युनिटवर, म्हणजे मतदार बटण दाबतो त्या भागावर, नजर टाकली की ती जुनीच मतपत्रिका असल्याचं जाणवतं: तोच नाव-चिन्हांचा उभा क्रम, फक्त शिक्क्याच्या जागी निळं बटण. वीस वर्षं मतपत्रिका हाताळलेल्या माणसाला नव्याने काही शिकावं लागू नये, हा त्यामागचा विचार. बटण दाबलं की चिन्हाशेजारी लाल दिवा लागतो आणि लांब बीप वाजते, म्हणजे डोळ्यांना आणि कानांना एकदमच खात्री पटते. एकदा मत पडलं की केंद्राध्यक्षाने आपल्याकडच्या कंट्रोल युनिटवरचं, म्हणजे यंत्राच्या नियंत्रण भागावरचं, बटण दाबेपर्यंत पुढचं मत घेतलंच जात नाही. निकालाचं बटण सीलबंद झाकणाआड. वीज नसलेल्या गावातही चालावं म्हणून सगळं बॅटरीवर. १९९८ साली मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या १६ मतदारसंघांत यंत्र आलं. संपूर्ण राज्याचं मतदान यंत्रावर घेण्याचा पहिला मान १९९९ साली गोव्याला मिळाला, आणि २००४ ची लोकसभा निवडणूक सर्व ५४३ जागांवर यंत्रानेच झाली.

तरी एक गोष्ट यंत्राने काढून घेतली होती. आपला कागद पेटीत पडताना मतदाराला दिसायचा. बटणामागे काय होतं ते दिसत नाही. मला हा दोष गंभीर वाटतो, कारण निवडणुकीत हरलेल्यालाही निकाल पटावा लागतो. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुरावा आवश्यक मानला. त्याच वर्षी नागालँडमधल्या नोकसेनच्या पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची चिठ्ठी छापून दाखवणारं जोडयंत्र, पहिल्यांदा वापरलं गेलं. उमेदवाराचं नाव आणि चिन्ह छापलेली चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि कापली जाऊन आतल्या पेटीत पडते. मतदाराच्या हाती ती मुद्दामच देत नाहीत, कारण हातातला कागद बाहेर नेऊन विकता येतो, आणि हा अनुभव १९५२ साली येऊन गेलेला आहे. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहतात. पाच पुरेशी आहेत का, यावरचा वाद अजून मिटलेला नाही.